परक्या नदीकाठचे मेण

मित्रांनो, मी एक जुना तारपा आहे. माझे वय वर्षांत विचारू नका, मी श्वास मोजतो. कोणी किती फुंकले, कोणी जीव ओतून फुंकले आणि कोणी नुसतेच फोटोपुरते गाल फुगवले, ते सारे माझ्या भोपळ्याच्या पोटात जमा आहे. माझ्यापुढे कोणाची लबाडी चालत नाही.

डहाणू तालुक्यात सायवनच्या बाजूला आमचा पाडा. तिथल्या शुक्रा नावाच्या कारागिराने मला घडवले. वेलीवरचा भोपळा सुकवून त्याने आतून पोखरला, बांबूच्या दोन नळ्या जोडल्या, त्यांत सूर काढणाऱ्या पातळ जिभा बसवल्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा लावला आणि सगळे सांधे रानातल्या मधमाशांच्या मेणाने बुजवले. त्यातला एक सांधा सुटला तरी मी मुका.

शुक्रानंतर मी त्याच्या मुलाकडे, चिमणकडे आलो. आमच्याकडे नेम असा की पेरणीच्या दिवसांत तारपा वाजवायचा नाही. नवे भात घरात आले की मला खाली काढायचे. तोवर मी चुलीवर टांगलेला असायचो, कारण धूर लागला की कीड लागत नाही. मला टांगणे, उतरवणे आणि सांध्यांना नवे मेण लावणे हे काम चिमणच्या बायकोचे, बुधीबाईचे. बाईमाणसाने तारपा फुंकायचा नाही, हाही नेमच. मेण मात्र तिने लावलेले चालत असे. नेम करणारे पुरुष होते, मित्रांनो, आणि तापलेल्या मेणाचे चटके बसतात हे त्यांना ठाऊक होते.

चिमण फुंकू लागला की त्याचा श्वास तुटत नसे. नाकाने घ्यायचा, तोंडाने सोडायचा, मधे फट नाही. माझ्याभोवती पन्नास पावले फेर धरत आणि उजाडेपर्यंत थांबत नसत. म्हातारा लहान्या काठी आपटत सर्वांच्या पुढे नाचे आणि म्हणे, "चिमण्या, तुझ्या छातीत वारा बांधलाय काय रे?" तेव्हा मी फुशारलो होतो, खोटे कशाला बोलू?

पण दिवस बदलले. २०१४ च्या सुमारास लग्नांना तलासरीहून मोठे स्पीकर येऊ लागले. चिमण डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात जाऊ लागला, आठवड्यातून एकदा घरी येई. माझ्यात हवा भरणारा माणूस दिवसभर फुग्यातली हवा तपासू लागला! मी चुलीवरच राहिलो. कोळ्याने माझ्या भोंग्यात घर केले. त्यातच चिमणला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, दम जपून वापरा. पाड्यावर शिकायला कोणी तयार नव्हते.

२०१७ साली डहाणूच्या सुषमाताई घरी आल्या. त्या आमच्या भागातल्या कलाकारांचे कार्यक्रम जुळवतात. जर्मनीतल्या नदीकाठच्या एका लहानशा गावाने नवराबायकोला बोलावले होते. चिमणने वाजवायचे आणि बुधीबाईने तिथल्या लोकांना फेर शिकवायचा. शिवाय त्या गावच्या संग्रहालयाला मी कायमचा हवा होतो.

"तिथं कीड नाय, पाऊस नाय," चिमण म्हणाला. "मी गेलो की याला कोण वाजवणार? काचेत ऱ्हाईल, लोक बघतील."

"बघतील," बुधीबाई भाकरी थापत म्हणाली. "मेलेल्या मानसाचा फोटो पण लोक बघतात."

चिमणचे मन मात्र ठरले होते. मी भीतीने आतून सुकलो. काचेत श्वास येत नाही.

डिसेंबरात आम्ही निघालो, सोबत सुषमाताई. विमानतळावर साहेबाने विचारले, हे काय? चिमण घाबरून म्हणाला, "भोपळा." इतकी वर्षे माझ्या जिवावर मान मिळवला आणि वेळ आली तेव्हा मला भाजी करून टाकले.

पुढे आगगाडी. ती इतकी शांत की चिमण खोकताना अवघडायचा. बाहेर नदी, नदीपलीकडे पाने झडलेल्या द्राक्षवेली.

"आपल्या सूर्या नदीएवढीच हाय," बुधीबाई म्हणाली.

"मग एवढ्या लांब कशाला आलीस?"

"तू तारपा कुठं टाकून येतोस ते बघायला."

थोड्या वेळाने तिने मला हात लावून पाहिला. मी गार पडलो होतो. खिडकीखालच्या जाळीतून गरम वारा येत होता. तिने मला आपल्या लुगड्यात गुंडाळले आणि त्या जाळीवर ठेवले. घरी चुलीवर ठेवते तसेच, मायेने. पण चुलीची ऊब वर चढेपर्यंत धुराने निवते, त्या यंत्राची ऊब थेट अंगाला भिडली. तासाभरात माझे मेण पाघळले. नळ्या कलल्या, जिभा सुटल्या. मी ओरडू शकलो नाही, कारण ओरडायलाही मला दुसऱ्याचा श्वास लागतो.

स्टेशनावर उतरल्यावर चिमणने सहज फुंकून पाहिले. नुसती फस्स! त्याने उलटून पाहिले, तर बोटांना चिकट मेण लागले.

"झालं," तो खाली बसत म्हणाला. "जीव गेला याचा. ताई, आता काचेतच ठेवा."

सुषमाताईंचा चेहरा उतरला. कार्यक्रमाला तीन तास उरले होते.

"मी मारला ना?" बुधीबाई म्हणाली. "मग मीच बघते."

नदीकाठी नाताळचा बाजार भरला होता. भाषा येत नसलेली ती बाई नाक वर करून वासावर चालत सुटली आणि एका मधवाल्या म्हाताऱ्याच्या दुकानाशी थांबली. मला पुढे धरून तिने सुटलेला सांधा दाखवला. म्हाताऱ्याने तो हुंगला, मान डोलावली आणि पिवळ्याधमक मेणाचा गोळा तिच्या हातावर ठेवला. सोबत एक जळती मेणबत्तीही दिली. मेणात हात घालणारे एकमेकांना भाषेशिवाय ओळखत असावेत.

काठावरच्या बाकावर ती कामाला बसली. चिमण शेजारी बसून पाहत होता. मला मेण कसे लावतात हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. तिने जिभा बसवल्या, नळ्या सरळ केल्या, बोट चटके खात फिरवले. आणि मग, सवयीने, शेजारी कोण बसले आहे हे विसरून, तिने मला ओठांना लावले आणि फुंकले.

मित्रांनो, ही नोंद मी इतकी वर्षे झाकून ठेवली होती. सांधा बसला की नाही हे फुंकल्याशिवाय कसे कळणार?

माझा आवाज पाण्यावरून पलीकडे गेला. चिमण तिच्याकडे बघतच राहिला.

"हे कधीपासून?"

ती दचकली. मग शांतपणे म्हणाली, "लगीन झालं त्या सालापासून. दर साली, मेण लावलं की. तू शेतावर गेलास की."

"मला कधी बोलली नाय?"

"तू कधी इचारलंस?"

चिमण हसला, हसता हसता खोकला. त्याचे डोळे भरून आले. ते खोकल्याने की आणखी कशाने, हे मी तपासले नाही.

कार्यक्रम झाला. चिमणने थोडेच वाजवले, पण श्वास तुटू दिला नाही. जाड बुटांची माणसे बुधीबाईचा हात धरून चुकत चुकत फिरली. शेवटी संग्रहालयाच्या बाईंनी काचेची पेटी उघडली. आत माझ्या नावाची पाटी आधीच लावलेली होती.

चिमणने मला दोन्ही हातांनी पोटाशी धरले.

"ताई, त्यांना सांगा, आमी माफी मागतो. पण हा द्यायचा नाय. याचा एक फुंकणारा थकला. दुसरा अजून बाकी हाय."

पेटी रिकामी राहिली. मी मात्र लुगड्यात गुंडाळून घरी आलो, जाळीपासून चार हात लांब बसून.

२०१९ साली नवे भात आले, पाड्यावर फेर धरला आणि ऐन रंगात चिमणचा श्वास तुटला. पावले थांबली. बुधीबाई रांगेतून पुढे आली. तिने त्याच्या हातातून मला घेतले आणि सर्वांदेखत फुंकले. सगळे लहान्याकडे बघू लागले. म्हाताऱ्याने आधी तिच्याकडे पाहिले, मग चिमणकडे. चिमणने मान हलवली. लहान्याने काठी उचलली आणि जमिनीवर आपटली. पावले चालू लागली.

आज मी पुन्हा चुलीवर आहे, धुरात, सुखात. तुमच्याही घरी एखादे जुने वाद्य असेल, मित्रांनो. त्याची धूळ पुसा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्यात श्वास घाला, बोटे फिरवा. आणि इतकी वर्षे ज्या हातांनी ते जपले, त्या हातांना एकदा तरी विचारा, "तुम्हाला वाजवता येते का?"