भुसावळची पितळी पट्टी

सूर्यकांत भंगाळे यांचा राग भुसावळचा होता, म्हणजे बाराही महिने तापलेला. छत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेत रूळ सांभाळले. बायको गेल्यावर ते मुलीकडे, सलोनीकडे, कॅनडात ओंटारियोतल्या लंडनला राहायला आले, आणि विमानतळावर रागाचं वजन करायची सोय नसल्यामुळे तोही फुकटात सोबत आला. पहिल्याच हिवाळ्यात सलोनीच्या घरापुढचा ड्राइव्हवे कोणी बर्फ शोव्हल न करताच मोकळा झाला होता, असं शेजारी सांगतात. शेजारी खोटं कशाला बोलतील.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी डगचा फोन आला. डग मॅकेलर हा जन्मभर ट्रॅक्टर विकलेला माणूस. आता तो, बंद पडलेली एक रेल्वेलाइन पुन्हा चालू करायला निघालेल्या स्वयंसेवकांचा प्रमुख होता. लंडनपासून पाऊण तासावर, मक्याच्या शेतांमधून तळ्याकडे जाणारी ती सात किलोमीटरची लाइन पस्तीस वर्षं गवताखाली पडून होती. दर शनिवारी वीसेक म्हातारे तिला वर काढायला जमत. मे महिन्यात पहिली गाडी सोडायची होती.

“सनी,” डग म्हणाला, “तुझ्या तुकड्यातले रुळांचे अकरा सांधे उघडलेत. बोल्ट तुटून पडलेत. कमिटीचं ठरलंय. यापुढे तू रुळांना हात लावायचा नाही. तिकीट-खिडकीत बस.”

एकाहत्तर वर्षांच्या माणसाला सनी. वर तिकीट-खिडकी. सूर्यकांतांनी फोन असा आपटला, की ऊर्मी, त्यांची नात, सीरियलचा बाऊल घेऊन बेसमेंटमध्ये निघून गेली.

“अण्णा, सीट बेल्ट,” गाडी काढताना सलोनी म्हणाली.

“माझ्या सांध्यांवरून छत्तीस वर्षं एक्स्प्रेस गाड्या गेल्या. एक बोल्ट हलला नाही. कोणीतरी मुद्दाम ढिले केलेत. डगच असणार.”

“डग सेव्हन्टी-एट आहे. त्याला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही.”

“मग सांध्यावरच्या पट्ट्यांना, फिशप्लेटना तेल दिलं नसेल. ट्रॅक्टरवाला तो.”

“पण तिकीट-खिडकी एवढी वाईट आहे का? हीटर असतो. वॉशरूम जवळ.”

घरी सूर्यकांतांना कामं दोनच होती: डिशवॉशर रिकामा करणं आणि कुरिअरवाल्याला दार उघडणं. तिकीट-खिडकी म्हणजे त्यातलं तिसरं. उणे सत्तावीसमध्ये गाडीच्या सगळ्या काचांवर बर्फ धरला होता, फक्त त्यांच्या बाजूची काच लख्ख होती.

जुलैत हे असं नव्हतं. जुलैत ते या म्हाताऱ्यांचे राजे होते. दोन रूळ जोडताना मध्ये फट ठेवावी लागते, कारण लोखंड उन्हात लांबतं. हे भुसावळच्या माणसाला कोणी शिकवायचं? मे महिन्यात तिथले रूळ इतके लांबत, की जळगाव चार पावलं पलीकडे सरकायचं आणि थेट दिवाळीला जागेवर यायचं. तेवढी फट मोजायला त्यांच्याकडे सहा मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी होती. कॅनडाला येताना त्यांनी बॅगेतून एक स्वेटर काढून ती आत घातली होती.

डग तेव्हा एक छापील तक्ता घेऊन आला होता. “आज खूप गरम आहे, सनी. रूळ आधीच लांबलेत. तक्ता म्हणतो, जवळजवळ चिकटवून टाक.”

“याला तू गरम म्हणतोस? असल्या हवेत आम्ही मफलर गुंडाळतो. तुझा तक्ता कागदाचा. माझी पट्टी पितळेची.” आणि चाळीसच्या चाळीस सांध्यांत त्यांनी पट्टी घालूनच बोल्ट आवळून घेतले होते.

आता लाइनीवर सगळे म्हातारे कान झाकून उभे होते. डगने सांध्यावरचा बर्फ झाडून ठेवला होता. सूर्यकांत कोणाकडे न बघता गुडघ्यांवर बसले. कोणाचं पाप आहे ते आता या सगळ्यांसमोर सिद्ध होणार होतं. त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि फटीत घातली.

पट्टी इकडे टेकली नाही, तिकडे टेकली नाही. सरळ आरपार गेली आणि खालच्या खडीवर टण्कन वाजली. सगळ्यांनी ऐकलं.

छत्तीस वर्षं सूर्यकांतांचा शत्रू एकाच बाजूने आला होता, उन्हाच्या. लोखंड किती वाढेल एवढंच त्यांनी मोजलं. ते किती आखडू शकतं, हे त्या पट्टीला कुठून ठाऊक असणार? जुलैतली फट थंडीने दुपटीहून मोठी झाली होती, आणि त्या ओढीत बोल्ट तुटले होते. त्यांचा राग आधी डगवर धावला, मग बोल्ट बनवणाऱ्यावर, मग अख्ख्या कॅनडावर. कोणीच हाती लागेना. तेव्हा तो माघारी फिरला आणि त्याने घरच्या माणसालाच धरलं.

“चल, खिडकीत हीटर लावलाय,” डग म्हणाला.

“नाही.” सूर्यकांत उठले. भुसावळला गँगमनवर ओरडत, त्याच आवाजात ते म्हणाले, “पट्टी माझी, हात माझा, चूक माझी. ऐकलं सगळ्यांनी? ज्याने बिघडवलं तोच दुरुस्त करेल, खिडकीत बसणार नाही. आणि तुझीही चूक आहे, डग. जुलैत मला अडवलं का नाहीस?”

“तुझ्या हातात घण होता.”

डगने पिकअपमधून मनगटाएवढा जाड दोर ओढून काढला. रॉकेलमध्ये भिजवलेला. डगचे वडील याच लाइनीवर मजूर होते. “रुळाच्या बुडाशी लांब पसरायचा आणि पेटवायचा. लोखंड लांबतं, फट मिटते, लगेच नवे बोल्ट.”

सूर्यकांतांनी डगने पुढे केलेल्या काड्यापेटीकडे विंचवाकडे बघावं तसं बघितलं. भुसावळला मे महिन्यात रूळ थंड ठेवायला ते त्यांच्यावर ओली पोती टाकून घेत. रुळाजवळ विडी पेटवली म्हणून एका गँगमनला त्यांनी दिवसभर उन्हात उभं केलं होतं. तोच माणूस आता रुळाला आग लावणार होता.

तीन काड्या वाऱ्याने विझल्या. चौथी त्यांनी ओढलीच नाही, दोराकडे नुसतं रागाने बघितलं आणि दोर पेटला, असं तिथले म्हातारे आजही शपथेवर सांगतात. ज्वाळा रुळाच्या कडेने धावली. सूर्यकांत बर्फात पोटावर आडवे पडले आणि एक डोळा मिटून फटीकडे बघत राहिले. फट हळूहळू बारीक होत गेली.

“बोल्ट आण. पळ. पान्हा असा धरतात होय? दे इकडे.”

डग पळाला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, बर्फातून.

पहिला सांधा आवळून झाला तेव्हा दुपार झाली होती. सलोनीने गाडीतून हॉर्न दिला. “अण्णा, तुमची बोटं निळी पडलीत.”

“दहा राहिलेत अजून,” ते ओरडले, आणि डगकडे वळले. “तुझा तो तक्ता कुठाय?”

“घरी. फ्रिजवर लावलाय.”

“फ्रिजला त्यातलं काय कळतं? पुढच्या शनिवारी इथे घेऊन ये.”