नळीचं दुसरं टोक

आईचा खोकला हटत नव्हता, म्हणून तिला घेऊन मी तिसऱ्यांदा दवाखान्यात आले होते. डॉक्टरांनी नेहमीसारखीच स्टेथोस्कोपची चकती तिच्या जाड स्वेटरवर टेकवली आणि कॉम्प्युटरवरची नजर न हलवता म्हणाले, "छाती साफ आहे."

माझं डोकंच फिरलं. "साफ कशावरून? कानात घालायची टोकं तुमच्या गळ्यातच आहेत! चकती छातीतला आवाज पकडते, तो पोकळ नळीतून वर येतो. तिथे कानच नसेल तर ऐकणार कोण, तुमचा टाय?"

आईने मला चिमटा काढला. "गप्प बस गं, डॉक्टर आहेत ते."

"म्हणून तर बोलतेय!"

डॉक्टरांनी मुकाट्याने टोकं कानात घातली. मी स्वेटर वर केला. त्यांनी चकती आईच्या उघड्या पाठीवर टेकवली, मग जरा खाली सरकवली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आजी, ही घरघर कधीपासून आहे?"

मी तोंड उघडणार, तोच आई शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडे पहिल्यांदा आले ना, तेव्हाही होती."