हनुवटीवरची दोन बोटं

आमच्या शाळेत एखादी खूण कागदावर लिहिली, की ती लिहिणाऱ्याच्या हातातून जाते आणि वाचणाऱ्याच्या हातात उतरते. ‘पाणी’ मी पहिल्याच दिवशी लिहिलं. तेव्हापासून तहान लागली की मी मुकाट्याने माठाकडे बोट दाखवते. कर्म माझं!

आम्ही बहिरी माणसं हातांनी बोलतो. वसतिगृहातल्या जुन्या खुणा आता माझ्याच हातांत उरल्या होत्या, म्हणून आमच्या मुख्याध्यापिका खानविलकर बाईंनी पहिलीच्या मुलांसाठी पुस्तक करायला घेतलं. खूण लिहायची म्हणजे तळहाताचा चौकोन, बोटांच्या रेघा, हालचालीचा बाण, चेहऱ्याचं वर्तुळ. दोनशे खुणा हव्या होत्या. एकशे नव्व्याण्णव मी हसत दिल्या. आम्हाला लहानपणी खुणा केल्या की हातांवर पट्टी मिळायची. या पोरांना पुस्तक मिळत होतं. मग मी कशाला हात आखडता घेऊ?

एक मात्र दिली नाही. मालनअक्काचं नाव.

आमच्यात हजेरीपटावरचं नाव कुणी वापरत नाही. खुणेचं नाव आपल्या माणसांनी द्यावं लागतं. अक्का, माझी थोरली बहीण, लहानपणी नळावर पडली आणि हनुवटीला खोक पडली, म्हणून तिचं नाव हनुवटीवर दोन बोटं. माझं नाव करताना कानाची पाळी ओढतात, कुड्यांमुळे. अक्का नदीत बुडाली त्याला अकरा वर्षं झाली. मधल्या सुट्टीत मी तिचं नाव केलं की ती वर्गाच्या दारात येते. केस ओले असतात. आम्ही पोटभर बोलतो. ती गेली की मी फडक्याने उंबऱ्यावरचं पाणी पुसते.

पण माझी बोटं आता वळत नाहीत. मागच्या आठवड्यात खूण अर्धीच झाली आणि अक्का अर्धीच आली. एक डोळा, एक वेणी. मी डबा तसाच ठेवून रडले.

“शकूताई, एकच राहिली,” बाईंच्या ओठांवर मी वाचलं.

‘ती माझी आहे,’ मी पाटीवर लिहिलं.

“तुमच्यामागे कोण करणार ती?”

मेली खरं बोलली. मी लिहून दिली.

पान सगळ्यांत आधी जुईने वाचलं. सात वर्षांची पोर, पहिल्या बाकावरची. तिने दोन बोटं हनुवटीला लावली आणि अक्का आली. अख्खी आली, हसत आली. केस कोरडे, वेण्या घट्ट घातलेल्या. थेट जाऊन जुईशेजारी बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. असा संताप आला मला! मी हाक मारायला हात उचलला, पण बोटांना काही आठवेना. मग जमिनीवर पाय आपटला. आम्ही एकमेकांना तसंच बोलावतो, पाय आपटला की फरशी हादरते.

फरशी हादरली नाही.

“माझी बहीण कुठंय?” अक्काने जुईला हातांनी विचारलं.

जुईने माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग तिने आपल्या कानाची पाळी ओढली.

मी दारात उभी होते. केसांतून पाणी गळत होतं. जुई फडकं आणायला उठली.