काडीचा खिळा

शालिग्रामने फडताळ उघडलं आणि आतले चाकू भराभर बाजूला सरकवले. लग्नघरचा चाकू जागेवर नव्हता.

बाकी सगळे होते की! फळवाल्याचा गंजका चाकू रॉकेलच्या वाटीत बुडालेला होता, एका मिस्त्रीचा मोडक्या मुठीचा दोऱ्याने बांधून ठेवलेला होता. सुरतेच्या डिंडोलीत शालिग्रामकडे असलेच चाकू यायचे. घडीचे, खिशातले, बापाच्या नाहीतर आज्याच्या हातचे. नवा चाकू बिघडला तर माणूस फेकून देतो, आज्याचा मात्र फेकवत नाही. शालिग्राम ते खोलायचा, गंज उतरवायचा, पातं अडवून धरणारी कमान नीट बसवून धार लावून द्यायचा. पण आता नेमका तोच नव्हता, शिंगाच्या मुठीचा, नवरदेव हेमराजच्या आजोबांचा.

"उषे!" तो असा ओरडला की शेजारची टीव्हीवरची मालिकासुद्धा क्षणभर बंद झाली.

उषाबाई, म्हणजे त्याची बायको, पदराला हात पुसत बाहेर आली. "काय व्हयनं?"

"इथला चाकू कुठंय?"

"अहो, धुडकूभाऊ आले होते ना, नवरदेवाचे मामा. त्यांना दिला. तुम्ही कतारगामला गेले होते. चाकू कसा चकचकीत दिसत होता, म्हटलं झालाय."

"झालाय? तुला कोणी सांगितलं झालाय?"

"लग्नाची वस्तू न्यायला माणूस दारात उभा, त्याला काय रिकाम्या हाताने परत पाठवू? शोभलं असतं का ते?"

बाईचं काय चुकलं हो? शुभकार्याची वस्तू मागायला आलेला माणूस दारातून परत फिरवायचा नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. पण शालिग्रामच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण त्या चाकूच्या पोटात खिळा नव्हता. झाडूची काडी होती.

झालं होतं असं. परवा दिवेलागणीला चाकू घासूनपुसून तयार झाला, पात्याची धार तर अशी लागली की हातावरचे केस उडावेत. कमान धरून ठेवणारा मधला खिळा तेवढा ठोकायचा राहिला आणि ज्या पितळी तारेचा तो करायचा, नेमकी तीच संपली. छिद्रं जुळलेली राहावीत म्हणून शालिग्रामने काडी घासून आत घातली आणि वर मेण फासलं. काल होती अवस. अवसेला लोखंडावर हातोडी उचलायची नाही, हा त्याच्या बापाचा नेम, आणि तो त्याने सुरतेत येऊनही सोडला नव्हता. म्हणून आज उठून तो तार आणायला गेला. घरात मात्र एका शब्दाने बोलला नाही. कामाचं बायकोला काय सांगायचं, असा त्याचा आपला खाक्या!

चाकू उघडला असता, मिटला असता, खटकाही वाजला असता. पण टोकावर जोर आला की काडी पिचणार आणि पातं मागे फिरून थेट बोटांवर मिटणार. आणि टोकावर जोर आजच येणार होता. हळद लागली की नवरदेवाच्या हातात हा चाकू द्यायचा आणि टोकाला लिंबू खोचायचं, ही त्या घरची रीत. कोणाकडे कट्यार असते, यांच्याकडे आजोबांचा चाकू.

हेमराज कतारगामला हिरे घासतो. त्याच्या बोटांवर घर चालतं. ती बोटं गेली तर लग्नाच्या मांडवातच पोराचं सगळं संपलं.

शालिग्रामने धुडकूला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. हळदीच्या डीजेसमोर फोन ऐकतो कोण! त्याने पिशवीत तार, पक्कड, हातोडी आणि लोखंडी ठोकळा कोंबला आणि पायात चप्पल सरकवली.

"मी पण येते," उषाबाई म्हणाली.

"तू कशाला? अजून काही वाटायचं राहिलंय का?"

ती त्याच्याआधीच रिक्षात चढून बसली.

हळद शहराबाहेर कडोदऱ्याला होती. रस्त्यावर कापडाचे टेम्पो एकामागे एक अडकलेले, आणि शालिग्रामचा जीव टांगणीला. तो रिक्षावाल्याला घाई करायचा, मधेच फोन लावायचा आणि मधल्या वेळात बायकोवर तोंडसुख घ्यायचा. विचारता येत नव्हतं का? हात शिवशिवतात का तुझे? पोराचं बोट तुटलं तर देशील का तुझं काढून? नाही नाही ते बोलला. उषाबाई बाहेर बघत राहिली. तिचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावी.

"काका, आ तो रोजनुं छे," रिक्षावाला म्हणाला आणि त्याने रिक्षा शांतपणे टेम्पोच्या मागे उभी केली.

शालिग्राम खाली उतरून पळत सुटला. पिशवीतला ठोकळा पायावर आपटत होता, मागून उषाबाई धापा टाकत येत होती. गल्लीच्या तोंडाशी डीजेचा आवाज छातीत धडधडायला लागला. बायकांच्या गर्दीतून त्याने मांडवात मुसंडी मारली.

हेमराज पाटावर बसला होता, पिवळाधमक, गालाला हळद, गळ्याला हळद. उजव्या मुठीत चाकू, पातं उघडलेलं. त्याची आई मंगलाबाई समोर वाकलेली, तिच्या हातात लिंबू.

"थांबा!" शालिग्राम ओरडला. डीजेत ते कोणाला ऐकू जाणार? मंगलाबाईने लिंबू टोकाला टेकवलं. शालिग्रामने पुढे झेप घेऊन तिचं मनगट धरलं.

मग काय, एकच गोंधळ. परक्या बाईचा हात धरला, तोही हळदीत! धुडकूने त्याची कॉलर पकडली, कोणीतरी डीजे बंद केला, आणि त्या अचानक शांततेत शालिग्राम म्हणाला, "त्यात खिळा नाही. काडी आहे. जोर दिला की पातं बोटांवर मिटेल."

हेमराज आपल्या मुठीकडे बघत राहिला. बोटं हलवायची त्याची हिंमत होईना.

"असा चाकू दिला कोणी?" मंगलाबाईने विचारलं.

सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता. शालिग्रामने मागे उभ्या उषाबाईकडे बोट केलं. "हिने दिला."

उषाबाईने मान खाली घातली. धुडकू, ज्याच्या हातात तिने चाकू दिला होता, तोही दुसरीकडे बघायला लागला.

"द्या इकडे, आत्ता बसवतो खिळा," शालिग्राम म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

"अंहं!" मंगलाबाई आडवी झाली. "हळद लागली. आता लग्न लागेपर्यंत हे लोखंड पोराच्या हातातून सुटत नाही. आमच्यात आजवर सुटलेलं नाही."

"अहो ताई, दुसरी सुरी द्या त्याच्या हातात."

"दुसरी दिली तरी हा चाकू सुटलाच ना?"

धुडकूने समजावून पाहिलं, दोन म्हाताऱ्यांनी पाहिलं. मंगलाबाई ऐकेना. हेमराजचा बाप नव्हता, एकटीने वाढवलेला पोरगा. त्याच्या लग्नात तिला कसलीच खोट नको होती. तिचे डोळे भरून आले, पण ती जागची हलली नाही. मग हेमराजच म्हणाला, "काका, माझ्या हातातच ठोका."

शालिग्रामने वाकून चाकू निरखला. शिंगाची ती मूठ केवढीशी, चार बोटांत मावणारी. खिळ्याची जागा बरोबर बोटांच्या मधोमध. कितीही सरकवून धरली तरी हातोडी बोटांच्या लगत पडणार. अशा कामात हात स्थिर लागतो, आणि त्याचा हात तर पळून पळून थरथरत होता.

त्याने ठोकळा पाटावर ठेवला. हेमराजने त्यावर चाकूची मूठ टेकवली आणि बोटं जमतील तेवढी मागे घेतली. शालिग्रामने काडी ढकलून काढली. ती अर्धी पिचलेलीच होती. तार घातली, पक्कडीने तोडली. आता ठोकायचं. त्याने हातोडी उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली.

"मन्हा पोऱ्याना हात शे तो," मंगलाबाई पुटपुटली. "देखीसन मारा."

तिसऱ्यांदा उचललेली हातोडीही त्याने खाली ठेवली. त्याच्याने होईना. तेवढ्यात उषाबाई पुढे आली, पाटाशी बसली आणि तिने आपला हात हेमराजच्या बोटांवर ठेवला. त्याची सगळी बोटं तिच्या बोटांखाली झाकली गेली, खिळ्याचं टोक तेवढं उघडं राहिलं.

"हात काढ," शालिग्राम म्हणाला.

"नाही. लागलं तर आधी मला लागेल. मारा तुम्ही."

"उषे, माझा हात हलतोय."

"दिसतंय मला," ती म्हणाली. "मारा."

शालिग्रामला तिची बोटं दिसत होती, भांडी घासून खरखरीत झालेली, नखांत कणीक अडकलेली. रिक्षात आपण काय बोललो ते त्याला शब्दन् शब्द आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. त्याने श्वास आत घेतला, खिळ्याखेरीज काही बघितलं नाही आणि हातोडी मारली. मग दुसरी. तारेचं टोक पसरलं. हेमराजने चाकू हातातच उलटा केला. उषाबाईने हात उचलून पुन्हा तसाच ठेवला. आणखी ठोके पडले, हलके, एका लयीत. शेवटचा ठोका तिच्या नखाला घासून गेला, पण तिने हात मागे घेतला नाही.

"झालं," तो म्हणाला.

हेमराजने टोक वर केलं. मंगलाबाईने देवाचं नाव घेऊन लिंबू दाबलं, चांगलं जोर देऊन. रस तिच्या मनगटावर ओघळला. पातं जागचं हललं नाही. बायकांनी एकच गलका केला, डीजे पुन्हा सुरू झाला, आणि धुडकू सगळ्यांना सांगायला लागला की आपल्याला आधीच शंका आली होती.

मंगलाबाई मात्र अजून तणतणत होती. "बाई गं, असा चाकू हातात देताना बघायचं तरी!"

"तिने काय बघायचं?" शालिग्राम मोठ्याने म्हणाला. डीजेच्या वर ऐकू जावं इतक्या मोठ्याने. "काडी मी घातली. घरात सांगितलं नाही मी. आणि इथे येऊन नाव हिचं घेतलं. चूक माझी आहे."

जवळच्या लोकांनी ऐकलं, लांबचे नाचत राहिले. उषाबाई पाटाशी तशीच बसली होती. आता सगळं पार पडल्यावर तिचा हात लटलट कापायला लागला होता, इतका की तिने तो दुसऱ्या हाताने दाबून धरला. शालिग्राम तिच्याजवळ खाली बसला. चार माणसांत बायकोच्या अंगाला हात लावायचा नाही, या रीतीत त्याचा जन्म गेला. त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कापायचा थांबेपर्यंत सोडला नाही.