आईच्या रक्ताचा मान

रुग्णालयाच्या संशोधन विभागात आईला सगळे ओळखत होते, हे लेकीला आई गेल्यावर कळलं. दारावरचा पहारेकरी खुर्चीतून उठला. रक्त काढणारा म्हणाला, "त्यांची शीर कधी चुकली नाही बघा, बोट ठेवलं की हजर." आणि भिंगवाल्या बाई स्वतः जिन्यापर्यंत न्यायला आल्या.

हे नाव आईनंच ठेवलेलं. बाई एचआयव्हीवर संशोधन करायच्या. चष्मा कपाळावर, डोळा सूक्ष्मदर्शकाला, आणि समोरच्याशी बोलतानाही डोळा तिथंच. "भिंगातून बघून माझ्याशी बोलतात," आई सांगायची, "म्हणून मी त्यांना दुप्पट मोठी दिसते."

लेक एका ग्रंथालयात कामाला होती. वडील या आजारानं गेले आणि जाताना आईला आजार देऊन गेले, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिची स्वतःची तपासणी निर्दोष निघाली होती. आईचं मात्र वेगळंच होतं. तिच्या अंगात विषाणू होता, पण रक्तात शोधून सापडत नव्हता, आणि औषध म्हणावं तर एक गोळी नाही. "आहे, पण मुका आहे," आई म्हणायची. वर्षातून एकदा ती इस्त्रीची साडी नेसून इथं रक्त द्यायला यायची. परतताना तिचा चेहरा बक्षीससमारंभातून आल्यासारखा असायचा. ज्या बाईचा पेला वडील गेल्यावर नातेवाइकांनी वेगळा ठेवला होता, तिला इथं चहा काचेच्या कपात मिळे आणि तो कप परत सगळ्यांच्या कपांत जाई. "घरी नसला तरी तिथं माझ्या रक्ताला मान आहे," ती म्हणायची, आणि शिवणयंत्रावर बसायची. शाळांचे गणवेश शिवणं हा तिचा धंदा.

मेंदूत रक्तस्राव होऊन आई अचानक गेली. मरणानंतर शरीरातल्या लसिकाग्रंथींचे तुकडे संशोधनासाठी घ्यावेत, असं तिनं आधीच लिहून दिलं होतं. ते काम झालं होतं. आता भिंगवाल्या बाईंनी लेकीला बोलावलं होतं ते शेवटच्या संमतीसाठी. असे मोजके रुग्ण निरनिराळ्या प्रयोगशाळांनी मिळून अभ्यासायचं ठरवलं होतं, त्यात आईचा समावेश व्हायचा होता.

"नक्की काय शोधताय तुम्ही?" लेकीनं विचारलं. सही करायला आलेली माणसं सहसा असं विचारत नसावीत. बाईंनी चष्मा खाली ओढला आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

"तुमच्या आई शिवणकाम करायच्या ना? मग असं समजा. हा विषाणू पेशीत शिरतो आणि तिच्या जनुकांच्या धाग्यात स्वतःचा एक टाका घालतो. गोळ्या नवे टाके पडू देत नाहीत. पडलेला टाका उसवता येत नाही. म्हणून गोळ्या थांबल्या की बहुतेकांत विषाणू पुन्हा डोकं वर काढतो."

"आणि आईत?"

"त्यांच्यात टाके आहेत, पण पडलेत कुठं, तर धाग्याच्या ओसाड भागात. पेशी तो भाग वाचतच नाही. गोळ्या न घेता विषाणू असा आवरणारी माणसं फार थोडी. त्यांच्या शरीराला हे कसं जमतं ते कळलं, तर इतरांनाही शिकवता येईल कदाचित."

लेकीला ग्रंथालयातली तळघरातली खोली आठवली. "म्हणजे पुस्तक आहे, पण बंद खोलीत. मागायला कुणी येत नाही."

"अगदी तसं," बाई म्हणाल्या. त्यांना ही उपमा आवडली असावी, कारण त्यांनी ती हळूच पुन्हा म्हणून पाहिली.

लेकीच्या मनात एकाच वेळी अभिमान दाटला आणि कुतूहल जागं झालं. जन्मभर काजं-बटणं करणाऱ्या आईच्या आत हे चाललं होतं. तिनं आणखी चार प्रश्न विचारले. बाईंनी न विचारलेल्या पाचव्याचंही उत्तर दिलं. शेवटी नेहमीची म्हणून एक विचारणा झाली.

"घरात त्या कसल्या गोळ्या घेत नव्हत्या ना? या आजारावरच्या?"

"नाही," लेक म्हणाली. "मी तरी कधी पाहिल्या नाहीत."

सही उद्या केली तरी चालेल, घरी नीट वाचा, असं बाईंनी सांगितलं. कागद घेऊन लेक निघाली. बाहेरच्या औषधखिडकीशी एक म्हातारे गृहस्थ नुकतीच मिळालेली बाटली उघडायची खटपट करत होते. पांढरी बुटकी बाटली, निळं झाकण. "दाबून फिरवा, काका," खिडकीतली मुलगी म्हणाली. त्यांनी दाबलं, फिरवलं, आणि झाकण कट्‌कट् करत सुटलं.

तो आवाज लेकीच्या हातांना ओळखीचा होता. लहानपणापासून तिनं तसली झाकणं उघडली होती. आईची सगळी बटणं तसल्याच बाटल्यांत असत. पांढरी एकात, निळी एकात, चार भोकांची वेगळी. शेल्फवर ओळीनं उभ्या. वरचे कागद खरवडून काढलेले. कुठून आणल्या म्हणून विचारलं, की आईचं उत्तर ठरलेलं: मावशीच्या शक्तीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या.

मावशी घरातच होती. बहिणीचं घर आवरायला म्हणून परगावाहून आलेली, आणि आवरण्यापेक्षा प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिची कहाणी सांगण्यात रमलेली. लेकीनं शेल्फवरची एक बाटली उचलून तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

"मावशी, तू शक्तीच्या गोळ्या घेतेस?"

"मी? मला कशाला शक्ती हवी? तोंडात आहे तेवढी पुरे म्हणायचे तुझे काका."

"मग या बाटल्या कुठून आल्या?"

मावशीनं बाटली उचलली, बटणं वाजवून पाहिली, परत ठेवली. एरवी एका प्रश्नाला तीन उत्तरं देणारी बाई खिडकीबाहेर बघत राहिली.

"मावशी."

"ऐकतेय गं. बहिरी नाही झाले."

"औषधाच्या आहेत ना? त्याच आजाराच्या?"

"तिनं शपथ घातली होती मला." मावशीनं पदराच्या टोकानं बाटली पुसली, तिच्यावर काही नसताना. "पण शपथ घालणारीच गेली. आता ती मोडली म्हणून भांडायला कोण येणार? आली तर बरंच होईल."

मग तिनं सांगितलं. वडील गेले त्या वर्षीच आई मावशीच्या गावच्या, या आजाराच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रात गेली होती. इथल्या दवाखान्यात अर्ध्या गल्लीची ये-जा, तिथं रांगेत उभं राहायची तिची छाती नव्हती. आणि त्या केंद्रात तिनं नाव सांगितलं मावशीचं.

"तुझं नाव?"

"मीच म्हटलं सांग म्हणून. तिच्या पदरात तू, वर गणवेशाचा धंदा. नाव फुटलं असतं तर कुणी आपल्या पोराचा सदरा तिच्या हातात दिला असता? माझं काय जाणार होतं? तुझे काका होते तोवर काका म्हणायचे, आजार तिचा, नाव तुझं, आणि बसभाडं माझं." मावशी हसली. डोळे पुसले. "कागदोपत्री मीच आजारी आहे गं. अजूनही. ती काही महिन्यांनी यायची, किंवा मी गोळ्या आणायची. चिवड्याच्या पिशवीत घालून."

"मग इथं खोटं का सांगितलं?"

"ठरवून थोडंच सांगितलं! कमरेला नागीण उठली तेव्हा गेली ना ती या मोठ्या रुग्णालयात. रक्त तपासलं, आजार निघाला. समोर माहिती लिहून घ्यायला बसलेली बाई कोण, तर जिच्या पोराचा गणवेश आदल्या आठवड्यात शिवून दिलेला ती. विचारते, औषध चालू आहे का? हो म्हटलं, की कुठून, कोणत्या नावानं, सगळं निघालं असतं. म्हणून ही म्हणाली, नाही. झालं. पुढं त्या तुझ्या चष्मेवाल्या—"

"भिंगवाल्या."

"त्याच. त्या नाचतच आल्या, म्हणे औषधाविना तुमच्या रक्तात विषाणू दिसत नाही. हिला वाटलं, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला चहा आला. मग काय, अडकली. आणि खरं सांगू? तिला आवडलंही ते. इतक्या वर्षांत कुणी उठून खुर्ची दिली नव्हती तिला."

लेकीनं बाटली परत शेल्फवर ठेवली. त्या रात्री तिनं संमतीचा कागद वाचला तो नुसत्या डोळ्यांनी. सही करून गप्प बसलं, तर आई होती तशीच राहणार होती. दुर्मिळ. पहारेकरी तिच्या आठवणीनं उठत राहील, आणि वेगळ्या पेल्याचा हिशोब कुठंतरी फिटलेला राहील. पण कुठल्यातरी प्रयोगशाळेत माणसं आईच्या पेशींत एक कुलूप शोधत बसतील, जे कदाचित तिथं नाहीच. ज्यांच्यासाठी शोधतील ते कुणाचे तरी आई-वडीलच असतील. चुकीच्या कप्प्यात ठेवलेलं पुस्तक हरवलेल्या पुस्तकापेक्षा वाईट, हे ती कामावर नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगायची. हरवलेलं निदान शोधतात तरी.

तिला राग यायला हवा होता, आपल्यालाही फसवलं म्हणून. तो आला नाही. त्याऐवजी एक प्रश्न आला आणि जाता जाईना. आईनं गोळ्या घेतल्या हे खरं. टाके ओसाड भागात आहेत हेही खरं, ते बाईंनी स्वतः पाहिलं होतं. मग ते तिथं कसे?

सकाळी मावशी आधीच तयार होऊन दारात उभी होती.

"तू कशाला येतेस?"

"माझा आजार आहे तो. माझ्याशिवाय कसं चालेल?"

भिंगवाल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांनी चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. लेकीला वाटलं, आता विचारतील, तुमच्या आईनं असं का केलं? त्यांनी तसं विचारलं नाही.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "रक्तात औषधाचा अंश आहे का, हे तपासायची सोय सुरुवातीला इथं नव्हती. नंतर झाली. बाकी सगळ्यांचं तपासलं. तुमच्या आईचं राहिलं. त्यांच्यावर शंका घ्यावी असं कुणाला वाटलंच नाही. त्या आमच्याच होत्या."

"तिनंही तुम्हाला आपलंच मानलं होतं हो," मावशी म्हणाली. "म्हणून तर सांगवेना तिला."

"आता काय होईल?" लेकीनं विचारलं.

"त्या अभ्यासातून नाव काढावं लागेल. जिथं जिथं त्यांचे निष्कर्ष दिले, तिथं तिथं कळवावं लागेल. माझं हसं होईल थोडं, ते चालायचंच. आणि नमुने..." बाईंनी भिंतीकडे पाहिलं, जिच्या पलीकडं शीतपेट्या गुरगुरत होत्या. "चुकीच्या माहितीवर घेतलेले नमुने. बहुधा टाकून द्यायला सांगतील."

लेक हे ऐकायला तयार होऊन आली होती. मग तिनं रात्रभर सोबत ठेवलेला प्रश्न विचारला.

"पण टाके तर ओसाड भागातच सापडले ना? ते खोटं नाही."

"ते खोटं नाही."

"मग गोळ्यांनी ते तिथं गेले का?"

"टाके जागा बदलत नाहीत," बाई सवयीनं म्हणाल्या. मग सावकाश पुढं बोलू लागल्या. "पण सगळीकडचे टाके असतील, आणि वाचल्या जाणाऱ्या भागातले जागे होत असतील, तर शरीर त्या पेशी ओळखून मारतं. गोळ्यांमुळे नवे पडत नाहीत. वर्षानुवर्षं असं चाललं तर मागं उरतील ते फक्त ओसाड भागातले. खूप काळ औषध घेतलेल्या काही जणांत असं दिसतं म्हणतात."

"मग आईच्या पहिल्या वर्षीच्या रक्तात आणि शेवटच्या वर्षीच्या रक्तात फरक दिसेल. तिच्या शरीराचंच जन्मजात कसब असेल तर दिसणार नाही. दरवर्षीचं आहे ना तुमच्याकडं?"

बाईंनी चष्मा उचलला.

"दरवर्षीचं," त्या म्हणाल्या. "एकही वर्ष न चुकता. कुणी इतक्या नेमानं येत नाही." त्या उठल्या, दोन पावलं गेल्या, परत आल्या. "गोळ्यांतही असाच नेम होता का हो त्यांचा?"

"गजर लागायचा तिचा," मावशी म्हणाली. "शिवणाची वेळ म्हणून."

बाईंनी घाई केली नाही. नैतिकता समितीपुढं सगळं खरं मांडावं लागेल, नव्यानं परवानगी लागेल, ती मिळेलच असं नाही. मिळाली तर आधी साठवलेल्या रक्तात औषध शोधायचं, मग टाके. आणि नातलग म्हणून लेकीची नव्यानं संमती लागेल, ती यावेळी सगळं माहीत असून द्यायची.

"माझीपण घ्या," मावशी म्हणाली. "नाव माझं आहे."

बाई पहिल्यांदाच हसल्या. मग त्या दोघींना आतल्या खोलीच्या काचेपर्यंत घेऊन गेल्या. शीतपेटीचं दार क्षणभरच उघडता येतं, असं सांगून त्यांनी जाड हातमोजे घातले आणि त्या आत गेल्या. दार उघडलं तसा पांढरा वाफारा जमिनीवर सांडला. आत खणांत खण, खणांत इवल्या नळ्या, वर नुसते आकडे. बाईंनी एका खणावर बोट ठेवलं आणि ते डावीकडून उजवीकडं हळूच ओढत नेलं. दार बंद झालं.

"यातली पहिली कुठली?" लेकीनं काचेला हात टेकून विचारलं. "पुन्हा दाखवता येईल? मी आकडा वाचला नाही."

"आज नाही. सारखं उघडलं तर नमुने बिघडतील." बाई बाहेर येऊन हातमोजे काढत होत्या. "वर्षभर लागेल, जास्तही. उत्तर तुमच्या मनासारखं असेलच असं नाही. कदाचित काहीच निघणार नाही."

"काहीच नाही निघालं, तर तेही कळवा," लेक म्हणाली. "आणि कसं कळलं, तेही."