डाव्या हाताची नाडी

हॉलभर शेजारीपाजारी दाटीवाटीने उभे होते. सोफ्यावर माझी धाकटी बहीण डोकं गच्च धरून काहीतरी असंबद्ध बडबडत होती. ऑपरेशन होऊन ती नुकतीच घरी आली होती.

मेहुण्यांनी बोलावलेल्या नाडीबाबांनी तिचं डावं मनगट तिच्या जावेच्या हातात दिलं. "बघ गं, लागते का नाडी?"

"नाही हो!" जाऊ किंचाळली.

"कशी लागेल? प्राण कधीच निघालाय. बोलतंय ते दुसरंच कोणीतरी." बाबांनी पाण्याचे हबके मारले, डोळे फिरवले आणि बहिणीचं उजवं मनगट पुढे केलं. "आता बघ!"

"लागली! लागली!"

लोकांनी पटापट हात जोडले. मेहुणे ढसाढसा रडायला लागले. "ताई, प्रेशरच्या गोळ्या बंद केल्या आणि गुण आला बघा. मशीनवर प्रेशरसुद्धा किती उतरलंय!"

मशीनचा पट्टा डाव्या दंडावर होता. बाधा डावीकडे आहे, तिकडेच मोजा, असा बाबांचा हुकूम होता. पण ज्या हाताला नाडीच लागत नाही, तिथे प्रेशर तरी खरं कसं दिसणार?

"बाबा, परत डावा हात धरा की," मी म्हटलं. "प्राण काय अर्ध्याच अंगात आणलात?"

जावेनेच तो धरला. नाडी अजूनही लागत नव्हती. तिचा चेहरा पडला. बाबांच्या शिष्याने कालच विचारपूस करता करता दोन्ही मनगटं चाचपली होती, हे तिला आत्ता आठवलं. बाबांनाही नेमकं तेव्हाच दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

मी पट्टा उजव्या दंडावर बांधला. आकडा भयंकर चढलेला होता. तेवढ्यात बहिणीला फिट आली.

दवाखान्यात सर्जनबाई संतापल्याच. "तिच्या रक्तवाहिन्यांना सूज आहे. डाव्या हाताची वाहिनी पार बंद झालीय. तिथे नाडी लागत नाही आणि प्रेशरही खोटंच दिसतं. मानेतल्या वाहिन्या आवळल्या होत्या, म्हणून बायपास केला. वर्षानुवर्षं थोडक्या रक्तावर भागवणाऱ्या मेंदूत आता रक्ताचा लोंढा शिरतोय. तो आवरायलाच तर गोळ्या होत्या! उजव्या हातावर मोजा, असं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," मेहुणे पुटपुटले. "पण डाव्या हातावर आकडा चांगला यायचा हो."

मेंदूत रक्तस्राव झाला होता. बहीण वाचली, पण तिची वाचा गेली. लेकीला हाक मारायला तोंड उघडते आणि नुसती रडते. ते बघवत नाही.

म्हणून कळकळीने सांगते, अशा ऑपरेशननंतर माणूस डोकं धरून बसला, भलतंसलतं बोलायला लागला, तर त्याच्या अंगात कोण आलंय ते विचारत बसू नका. गोळ्या मनाने बंद करू नका. मिळेल त्या गाडीत घाला आणि दवाखाना गाठा.