माळी कुठून आला

मंगळवारी संध्याकाळी मी कामावरून आले, तेव्हा आई दिवा न लावता खुर्चीत बसली होती. मांडीवर वाचनालयाचं पुस्तक, बंद.

"हा माळी कुठून आला?" तिने विचारलं.

आमच्याकडे माळी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन कुंड्यांना लागतो कशाला? मग कळलं, ती पुस्तकाबद्दल बोलत होती.

आई छत्तीस वर्षं औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावायची, मिलिग्रॅम दोनदा तपासायची, आणि घरी आल्यावर रहस्यकथा वाचायची. "इथे माझी चूक झाली तरी कुणी मरत नाही. मरायचा तो पहिल्याच प्रकरणात मेलेला असतो," असं म्हणायची. निवृत्त झाल्यावरही आठवड्याला दोन पुस्तकं सुरूच होती.

या पुस्तकाच्या शेवटी इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो आणि माळ्याकडे बोट दाखवतो. माळी कोण, हेच आईला आठवत नव्हतं.

"मधे डोळा लागला असेल," मी म्हटलं.

"दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा कागद घेऊन बसले." कागदावर तिच्या बारीक, सरळ अक्षरात अकरा माणसं होती. विधवा, पुतण्या, वकील, स्वयंपाकीण असे सगळे. माळी नव्हता.

"ताईचं असंच सुरू झालं होतं," ती हळूच म्हणाली.

ताई म्हणजे माझी मावशी. मालिका बघताना रोजच्याच माणसाला बघून ती "हा कोण गं?" विचारायची. आम्ही हसायचो. दोन वर्षांनी तिने आईकडे बघून तेच विचारलं.

"शंभरातून सात सात वजा करत जा बघू," मी म्हटलं. डॉक्टर ताईला हेच करायला लावायचे.

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. ताईलाही येत होतं हे. सोमवारची मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घे."

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एखाद्या नमुन्याचा आकडा विचित्र आला, तर आधी रसायनाची बाटली तपासायची, नमुन्याला नावं मग ठेवायची, अशी आमची पद्धत. म्हणून बुधवारी रजा टाकून मीच ते पुस्तक वाचायला घेतलं. असली पुस्तकं मी वाचत नाही, हे आजवर जरा तोऱ्यातच सांगत आले आहे. दुपारी दूध उतू जाऊन पातेलं करपलं, तेव्हा वास आईला आला, मला नाही. आणि माळी मलाही शेवटच्या प्रकरणातच भेटला, एकदम बेड्या घालायच्या वेळी.

"आई, मलाही नाही सापडला!"

तिचा चेहरा आणखी उतरला. "अरे देवा. तुझं इतक्यात सुरू झालं?"

"आई!"

"आजीचंही शेवटी तेच झालं होतं. आपल्या घरातच आहे ते. तू वाचून काय उपयोग? दोघी एकाच बाटलीतल्या."

हे तिचं बरोबर होतं, म्हणून मला राग आला. मी पानांचे आकडे तपासले. एक ते एकशे चव्वेचाळीस, सगळे सलग. शिवण ठीक, एकही पान फाटलेलं नाही. खरं सांगते, मग मीही मनातल्या मनात शंभरातून सात सात वजा करून पाहिले.

गुरुवारी तिला घेऊन वाचनालयात गेले. आईने पुस्तक टेबलावर ठेवलं. ग्रंथपाल बाईंनी मुखपृष्ठ पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"माळी ना?"

आईने पटकन मान हलवली.

"आठव्या तुम्ही. नवी आवृत्ती आहे ही. खिशात मावावी म्हणून प्रकाशकाने मधली प्रकरणं उडवली आणि पानांना नवे आकडे दिले. माळ्याचं प्रकरणच गेलं, पण शेवटी त्याला पकडतात ते तसंच ठेवलंय." त्यांनी मागच्या कपाटातून दोरीने बांधलेली जुनी प्रत काढली. दोनशे आठ पानं.

आईने उभ्या उभ्याच दोरी सोडली. बोट ओळींवरून फिरवत ती पुढे पुढे जात होती. मग बोट थांबलं.

"आहे," ती म्हणाली. "पान त्रेपन्न. हा बघ मेला, बुटांना चिखल लावून दारात उभा आहे."

तिने स्टूल ओढलं आणि त्यावर धपकन बसली. डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा डोळे पुसले. मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

"बाई, दोन दिवस मी स्वतःला वेडी समजत होते," आई म्हणाली. "पुस्तकावर एक चिठ्ठी तरी चिकटवायची!"

"तिसऱ्या तक्रारीलाच चिकटवणार होते," बाई ओशाळून म्हणाल्या, "विसरले."

यावर आई इतकी हसली, की वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांनी "शांतता!" म्हणून टेबलावर बोटं वाजवली.

तिने जुनी प्रत स्वतःच्या नावावर घेतली.

"आता ही कशाला?" जिना उतरताना मी विचारलं. "खून कुणी केला ते माहीत आहे की."

"म्हणून तर," आई म्हणाली. "आता कुणावर लक्ष ठेवायला नको. नुसतं वाचायचं."

घरी आल्यावर तिने चप्पल काढली, पाय खुर्चीवर घेतले आणि पहिलं पान उघडलं. मी जेवायला दोनदा हाक मारली. तिला ऐकू आलं नाही, आणि या वेळी मला त्याची काळजी वाटली नाही.